समकालीन आफ्रिकी कथासाहित्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकी कादंबऱ्या नव्याने वाचायला घेतलेले मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. हे लेखक कोणत्या विषयांवर लिहितात, अशी पृच्छा बहुधा सर्वप्रथम होते. परंतु ते आपसांत कशावरून भांडतात हे आधी पाहिले, तर त्यांची पुस्तके लवकर उमगतात, असा आमचा अनुभव आहे. कोणासाठी लिहायचे, कोणत्या भाषेत लिहायचे आणि पुस्तक छापणार कोण, या तीन गोष्टींभोवती साठ वर्षांहून अधिक काळ चाललेला वाद पुढील बहुतेक उत्तरांत डोकावेल.

‘आफ्रिकी साहित्य’ असे एकच एक काही आहे का?

हा प्रश्न खुद्द आफ्रिकी लेखकांनीच सर्वांत आधी आणि सर्वांत तीव्रतेने विचारला. जून 1962 मध्ये युगांडाच्या कंपाला शहरातील माकेरेरे महाविद्यालयात आफ्रिकी लेखकांची एक परिषद भरली. नायजेरियाचे चिनुआ अचेबे, वोले शोयिंका आणि ख्रिस्तोफर ओकिग्बो, दक्षिण आफ्रिकेचे एझेकिएल म्फाहलेले आणि तेव्हा विद्यार्थी असलेले केनियाचे न्गूगी वा थिओंगो तिला उपस्थित होते. आफ्रिकी साहित्य म्हणजे काय, याची व्याख्या करण्याचा तेथे बराच खटाटोप झाला, पण सर्वांना मान्य होईल अशी व्याख्या काही निघाली नाही. त्यानंतर पन्नास वर्षांनी, 2013 साली, तायी सेलासी या लेखिकेने बर्लिनच्या साहित्य महोत्सवातील भाषणात आफ्रिकी साहित्य असे काही अस्तित्वातच नाही, अशी भूमिका मांडली आणि वाद पुन्हा पेटला.

पन्नासहून अधिक देश, शेकडो भाषा, शिवाय इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज आणि अरबी या भाषांतून आलेल्या वेगवेगळ्या लेखनपरंपरा एका शब्दात कोंबल्या, तर हाती फारसे काही लागत नाही. ‘भारतीय साहित्य’ म्हटल्यावर आपल्या मनात जो संकोच उभा राहतो, तोच येथे काही पटींनी वाढतो. तरीही परिषदा, पुरस्कार आणि प्रकाशनमाला याच नावाने चालतात आणि लेखकही गरजेपुरते ते नाव वापरतात. तेव्हा हे नाव पत्त्यासारखे वापरावे. त्यावरून घरातल्या माणसांचा स्वभाव ओळखू जाऊ नये.

या लेखकांमध्ये सर्वांत जुना आणि सर्वांत जिवंत वाद कोणता?

भाषेचा. माकेरेरेच्या परिषदेचे नावच ‘इंग्रजीतून लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद’ असे होते. त्यामुळे स्वाहिली किंवा योरुबा भाषेत आयुष्यभर लिहिणाऱ्या नामवंतांना तेथे जागाच नव्हती, तर इंग्रजीत दोनचार कथा छापून आलेल्या विद्यार्थ्याला मात्र निमंत्रण मिळाले. तो विद्यार्थी म्हणजे न्गूगी, आणि ही विसंगती पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवली. 1963 साली नायजेरियाचे समीक्षक ओबी वाली यांनी कंपालाहून निघणाऱ्या ‘ट्रान्झिशन’ या नियतकालिकात लेख लिहून, युरोपीय भाषांतून लिहिले जाणारे आफ्रिकी साहित्य ही पुढे न जाणारी गल्ली आहे, असा इशारा दिला. अचेबे यांना हे मान्य नव्हते. इतिहासाने इंग्रजी आपल्या हाती दिली आहे, तर ती वाकवून, तिला आपल्या मातीचा हेल देऊन वापरावी, असे त्यांचे म्हणणे होते, आणि 1958 सालच्या आपल्या पहिल्याच कादंबरीत त्यांनी इग्बो म्हणींच्या आधाराने तशी इंग्रजी घडवून दाखवली होती.

न्गूगींनी मात्र रस्ता बदलला. 1977 साली लिमुरूजवळच्या कामिरीथू या गावात, शेतमजूर आणि कारखान्यातील कामगार यांना सोबत घेऊन, त्यांनी सहलेखक न्गूगी वा मिरी यांच्यासह गिकुयू या आपल्या मातृभाषेत एक नाटक उभे केले. इंग्रजीत त्यांनी केनियाच्या सत्ताधाऱ्यांवर कठोर टीका केली होती, तेव्हा काही बिघडले नव्हते. पण गावकऱ्यांच्या भाषेतील नाटक काही आठवड्यांतच बंद पाडण्यात आले आणि त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्यांना विनाचौकशी स्थानबद्ध करण्यात आले. कामिती तुरुंगात असताना त्यांनी शौचालयातील कागदावर गिकुयू भाषेतील आपली पहिली कादंबरी लिहिली. तो कागद मुद्दाम खरखरीत ठेवलेला असे. कैद्याला शिक्षा म्हणून दिलेला तो खरखरीतपणा लेखणीला मात्र मानवला, असे त्यांनी नंतर काहीशा मिस्कीलपणे नोंदवले आहे. पुढे ते गिकुयूत लिहीत राहिले आणि आपल्या बहुतेक कादंबऱ्यांचे इंग्रजी भाषांतरही स्वतःच करीत राहिले. त्यांपैकी एक पद्यकथा 2021 साली आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराच्या प्राथमिक यादीत आली. मे 2025 मध्ये त्यांचे निधन झाले.

मराठी वाचकाला येथे देशीवादाच्या चर्चेची आठवण होणे स्वाभाविक आहे. साम्य खरे आहे, पण एक फरक ध्यानात ठेवावा. मराठीत शतकानुशतकांची लिखित परंपरा, शाळा, ग्रंथालये आणि प्रकाशक यांचा आधार हाताशी असताना तो वाद झाला. गिकुयूत लिहिणाऱ्याला वाचकांपासून पुस्तकाच्या दुकानापर्यंत सारेच नव्याने जमवावे लागले.

सेनेगलचे बुबाकर बोरिस दिओप यांची कथा याला पूरक आहे. 1998 साली काही आफ्रिकी लेखकांना रवांडात नेऊन, तेथील 1994 च्या वंशसंहारावर लिहिण्यास सांगण्यात आले. दिओप यांनी त्यावर फ्रेंचमध्ये कादंबरी लिहिली, पण रवांडातील फ्रान्सची भूमिका जवळून पाहिल्यानंतर त्यांना आपल्या लेखणीच्या भाषेचाच विचार करावा लागला. 2003 साली त्यांनी ‘दोमी गोलो’ ही कादंबरी सेनेगलमधील वोलोफ भाषेत प्रसिद्ध केली आणि काही वर्षांनी तीच कथा फ्रेंचमध्ये स्वतः नव्याने लिहिली.

आफ्रिकी भाषांत आज खरोखर कोणी लिहिते-वाचते का?

होय, आणि परदेशी पुरस्कारांच्या याद्या पाहणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो. उत्तर नायजेरियातील कानो शहरात हौसा भाषेतील प्रेमकथांची, म्हणजे ‘लित्ताताफन सोयाय्या’ची, मोठी बाजारपेठ आहे. पातळ पुठ्ठ्याची, स्वस्त, भागाभागांत निघणारी ही पुस्तके बहुतांशी स्त्रिया लिहितात आणि स्त्रियाच वाचतात. बालविवाह, सवत, सासर, शिक्षण हे त्यांचे विषय आहेत. हिंदी चित्रपट कानोत अनेक दशके आवडीने पाहिले जात असल्यामुळे त्यांतील कथानकांची छापही या पुस्तकांवर दिसते. धर्ममार्तंडांना ती खुपतात. 2007 साली कानोच्या राज्यपालांच्या उपस्थितीत अशा पुस्तकांची होळी करण्यात आली होती.

या लेखिकांपैकी बलाराबा रमत याकुबू यांच्या एका कादंबरीचे इंग्रजी भाषांतर 2012 साली प्रसिद्ध झाले ते लंडनहून वा न्यूयॉर्कहून नव्हे, तर चेन्नईच्या ब्लाफ्ट या छोट्या प्रकाशनसंस्थेकडून. नवऱ्याने नवी बायको आणून मुलांसकट घराबाहेर काढलेली रबी खाद्यपदार्थ विकून संसार सावरते, ही त्यातील गोष्ट मराठीतल्या कोणत्याही मासिकात शोभली असती.

स्वाहिलीची स्थिती अधिक भक्कम आहे. तिच्यासाठी 2014 साली कॉर्नेल विद्यापीठाच्या सहभागाने स्वतंत्र पुरस्कार स्थापन झाला. तरीही एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. झांझिबारमध्ये जन्मलेल्या आणि स्वाहिली मातृभाषा असलेल्या अब्दुलरझाक गुर्ना यांची ‘पॅरडाइज’ ही कादंबरी 1994 साली इंग्रजीत आली. तिचे ‘पेपोनी’ हे स्वाहिली भाषांतर 2022 साली, म्हणजे 28 वर्षांनी आणि त्यांना नोबेल मिळून गेल्यावर प्रसिद्ध झाले.

‘दारिद्र्याचे प्रदर्शन’ हा आरोप नेमका कोणावर आणि का केला जातो?

युद्ध, उपासमार, बालसैनिक आणि निर्वासितांच्या छावण्या यांचीच चित्रे काढली, की पाश्चात्त्य संपादक आणि परीक्षक खूश होतात, अशी तक्रार आफ्रिकी लेखकांनी आफ्रिकी लेखकांविषयीच केलेली आहे. केनियाचे बिन्यावांगा वाइनाइना यांनी 2005 साली ‘ग्रँटा’ या ब्रिटिश नियतकालिकात आफ्रिकेवर कसे लिहावे याचा एक उपहासात्मक धडाच लिहून दिला: मुखपृष्ठावर सुखवस्तू आफ्रिकी माणूस चुकूनही नको, मावळता सूर्य हवा, हत्तींना व्यक्तिमत्त्व द्यावे आणि माणसांना देऊ नये, वगैरे. 2009 साली चिमामांडा न्गोझी अदिची यांनी ‘एकाच गोष्टीचा धोका’ या विषयावरील भाषणात हीच बाब सौम्य शब्दांत मांडली. मुळात तिरकस असलेला वाइनाइनांचा लेख लोक पुढे गंभीर मार्गदर्शक म्हणून वापरू लागले, हे खुद्द त्यांनाच गमतीचे वाटे.

वादाला धार आली ती 2013 साली. झिम्बाब्वेच्या नोव्हायोलेट बुलावायो यांच्या पहिल्या कादंबरीचे परीक्षण करताना नायजेरियाचे हेलॉन हबिला यांनी, आफ्रिकेविषयीच्या बातम्यांत जे जे दिसते ते सारे या पुस्तकात खुणा केल्यासारखे येते, अशी टीका केली आणि केन पुरस्कारामुळे लेखनाची एक ठरावीक धाटणी तयार झाल्याचा संशय व्यक्त केला. केन पुरस्कार हा आफ्रिकी लेखकाच्या इंग्रजी कथेसाठी 2000 सालापासून ब्रिटनमधून दिला जातो. बुलावायोंना तो 2011 साली मिळाला होता. हबिलांना 2001 साली.

ज्या कथेला तो पुरस्कार मिळाला, तीच कादंबरीचे पहिले प्रकरण आहे. ती थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. ‘पॅरडाइज’ नावाच्या झोपडपट्टीतली उपाशी मुले ‘बुडापेस्ट’ नावाच्या श्रीमंत वस्तीत पेरू चोरायला जातात. त्यांच्यातली दहा-अकरा वर्षांची एक मुलगी गरोदर आहे. कुंपणापलीकडे लंडनहून आलेली एक बाई पिझ्झा खात असते. मुले तो पदार्थ पहिल्यांदाच पाहतात. ती उरलेला तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकते आणि मुले थक्क होऊन पाहत राहतात. मग ती बाई कॅमेरा काढून या मुलांचे फोटो घेऊ लागते. हबिलांनी केलेल्या आरोपाचे उत्तर येथे आधीच दिलेले आहे, असे आमचे मत आहे: भूक पाहून फोटो काढणारा प्रेक्षक लेखिकेने कथेतच उभा केला आहे, आणि वाचकाला त्या बाईच्या शेजारी नेऊन ठेवले आहे. मात्र शेवटी मुलांना झाडाला लटकलेले एका बाईचे प्रेत सापडते आणि तिचे बूट विकून पाव घेण्यासाठी ती परत धावतात, तेथे हबिलांची शंकाही पूर्णपणे झटकता येत नाही. दोघांचेही म्हणणे मनात ठेवून ती कथा वाचावी. कादंबरी त्या वर्षीच्या बुकरच्या अंतिम यादीत होती.

‘आफ्रोपॉलिटन’ म्हणजे काय?

हा शब्द तायी सेलासी यांच्या 2005 सालच्या एका लेखामुळे गाजला. लंडन, न्यूयॉर्क, लागोस अशा शहरांत सारख्याच सहजतेने वावरणारी, अनेक घरे असलेली नवी आफ्रिकी पिढी, असा त्याचा अर्थ. वाइनाइनांसह अनेकांनी त्यावर टीका केली. पासपोर्ट आणि विमानाचे तिकीट ज्यांना परवडते त्यांच्यापुरतीच ही ओळख आहे, असे त्यांचे म्हणणे. टीका रास्त आहे, पण सेलासींची कादंबरी त्या लेखाहून अधिक शहाणी आहे. ‘घाना मस्ट गो’ हे तिचे शीर्षक 1983 साली नायजेरियाने लाखो घानावासीयांना देशाबाहेर काढले त्या घटनेची आठवण करून देते. हाती लागेल ते सामान भरून लोक ज्या पिशव्यांतून घेऊन निघाले, त्या स्वस्त, चौकडीच्या, चेन लावलेल्या मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्यांना पश्चिम आफ्रिकेत आजही त्याच नावाने, ‘घानावाल्यांनी जायलाच हवे’ अशा अर्थाने, ओळखतात. मुंबईहून कोकणात निघालेल्या एस.टी.च्या टपावर आणि सीटखाली त्याच पिशव्या असतात.

वसाहतवाद हाच अजूनही मुख्य विषय आहे का?

काहींसाठी आहे आणि काहींनी तो जाणूनबुजून बाजूला सारला आहे. गुर्ना पहिल्या गटातले, पण त्यांची तऱ्हा वेगळी आहे. ‘आफ्टरलाइव्ह्ज’ ही 2020 सालची त्यांची कादंबरी जर्मनीच्या पूर्व आफ्रिकेतील राजवटीविषयी आणि त्या सैन्यात भरती झालेल्या आफ्रिकी शिपायांविषयी आहे. गोरा मालक दुष्ट आणि काळा माणूस सोशिक, अशी सोपी विभागणी त्यांच्याकडे सापडत नाही. ‘पॅरडाइज’मधील युसुफ या मुलाला त्याचा बाप कर्ज फेडण्यासाठी किनाऱ्यावरच्या अरब व्यापाऱ्याकडे गहाण ठेवतो. युरोपीय लोक येण्याआधीही येथे माणसे गहाण पडत होती, हे गुर्ना विसरू देत नाहीत.

दुसऱ्या गटात युगांडाच्या जेनिफर नन्सुबुगा माकुम्बी यांची ‘किंटू’ ही कादंबरी अग्रभागी ठेवावी लागेल. आमच्या मते गेल्या वीस वर्षांतील आफ्रिकी कादंबऱ्यांमध्ये ती सर्वांत महत्त्वाच्या दोनचारांपैकी एक आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. तिची सुरुवात 2004 सालच्या कंपालातील एका झोपडपट्टीत होते, जेथे जमाव एका माणसाला चोर समजून ठार मारतो. तेथून कथा थेट 1750 सालच्या बुगांडा राज्यात जाते. किंटू हा एका प्रांताचा प्रमुख नव्या राजाला निष्ठा वाहण्यासाठी राजधानीकडे निघाला आहे. वाटेत तहानलेला त्याचा दत्तक मुलगा त्याच्याच पाण्याच्या भोपळ्याला तोंड लावतो. रिवाजाविरुद्ध घडलेल्या या गोष्टीने चपापून किंटू त्याला एक चापट मारतो आणि मुलगा तेथेच कोसळून मरतो. किंटू घाईघाईत त्याला पुरतो आणि घरी परतल्यावर गप्प राहतो. मुलाच्या जन्मदात्या बापाला जेव्हा हे कळते, तेव्हा तो सबंध वंशाला शाप देतो. मग कादंबरी अडीचशे वर्षांची झेप घेऊन त्याच वंशाच्या आधुनिक शाखांकडे येते.

मधला ब्रिटिश अंमल कोठे गेला? लेखिकेने तो गाळला आहे आणि तसे मुद्दाम केल्याचे त्यांनी सांगितलेही आहे. वसाहतवाद हा युगांडाच्या दीर्घ इतिहासातील एक प्रकरण आहे. सगळी कथा त्याभोवतीच का फिरावी, हा त्यामागचा विचार. ब्रिटनमधील प्रकाशकांना हे हस्तलिखित जास्तच आफ्रिकी वाटले. 2013 साली नैरोबीच्या ‘क्वानी?’ या संस्थेची हस्तलिखित स्पर्धा त्याने जिंकली, 2014 साली ते केनियात छापले गेले आणि अमेरिका व ब्रिटनमध्ये ते त्यानंतर पोहोचले. कादंबरीत तेथील लुगांडा भाषेतल्या शब्दांना अर्थ जोडलेले नाहीत. वरण-भाताला मराठी कादंबरीत कोणी तळटीप देत नाही, तसेच ते आहे.

दक्षिण आफ्रिकेत याच स्वरूपाचा विचार न्जाबुलो न्देबेले यांनी वर्णद्वेषी राजवट चालू असतानाच, 1980 च्या दशकात मांडला होता. अन्यायाचे नेत्रदीपक देखावे रंगवण्याच्या नादात लेखक साध्या माणसांचे रोजचे जगणे विसरत आहेत, असे ते म्हणत होते.

युद्ध आणि राजकीय हिंसा यांविषयीचे लेखन कसे बदलले आहे?

घटना घडल्यानंतर जन्मलेली पिढी आता ती लिहिते आहे. अदिची यांचा जन्म 1977 सालचा, म्हणजे नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्राचे युद्ध संपल्यानंतर सात वर्षांनी. त्या युद्धात त्यांचे दोन्ही आजोबा गेले. 2006 सालच्या त्यांच्या कादंबरीत रणांगण अपवादानेच दिसते. विद्यापीठातील प्राध्यापकाच्या घरी कामाला आलेला उग्वू हा खेड्यातला मुलगा शीतकपाट पाहून चकित होतो, तेथून सारे सुरू होते. त्याच कुटुंबाची पुढची उपासमार वाचकाला अधिक बोचते, कारण त्याने त्यांचे स्वयंपाकघर आधी भरलेले पाहिलेले असते. नायजर नदीच्या मुखाकडील प्रदेशात तेलकंपन्यांनी केलेल्या नासाडीवर हबिला यांची 2010 सालची कादंबरी आहे. त्या प्रदेशासाठी लढणारे लेखक केन सारो-विवा यांना 1995 साली लष्करी राजवटीने फाशी दिले होते, हे लक्षात ठेवून ती वाचावी.

स्त्रियांच्या लेखनात कोणते विषय पुढे आले आहेत?

घर हेच राजकारणाचे ठिकाण आहे, हा धागा फ्लोरा न्वापा यांच्या 1966 सालच्या पहिल्या कादंबरीपासून चालत आला आहे. झिम्बाब्वेच्या त्सित्सी डांगारेम्ब्गा यांनी तम्बुद्झाई या मुलीची कथा 1988, 2006 आणि 2018 अशी तीस वर्षांत तीन कादंबऱ्यांतून सांगितली. शिक्षण मिळाले की सुटका होईल, ही आशा पहिल्या भागात आहे आणि तिसऱ्या भागात तिचे काय उरते, ते पाहणे क्लेशदायक आहे. मोझांबिकच्या पाउलिना शिझिआन यांच्या कादंबरीतील रामी आपल्या नवऱ्याच्या इतर बायकांचा शोध घेते आणि त्यांच्याशी भांडण्याऐवजी त्या सगळ्यांना एकत्र आणते. नवऱ्याची त्यानंतर जी तारांबळ उडते, ती वाचताना हसू आवरत नाही. समलैंगिकतेविषयीही उघडपणे लिहिले जाऊ लागले आहे. जानेवारी 2014 मध्ये नायजेरियात समलैंगिक संबंधांविरुद्ध कडक कायदा झाला, त्याच महिन्यात वाइनाइनांनी आपण समलैंगिक असल्याचे आईला उद्देशून लिहिलेल्या लेखातून जाहीर केले.

आफ्रिकी विज्ञानकथेची एवढी चर्चा का होते?

‘आफ्रोफ्यूचरिझम’ ही संज्ञा 1990 च्या दशकात अमेरिकेत, तेथील कृष्णवर्णीयांच्या संदर्भात जन्माला आली. नायजेरियन आईवडिलांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेल्या नेडी ओकोराफोर यांनी 2019 साली ती नाकारून ‘आफ्रिकनफ्यूचरिझम’ असा वेगळा शब्द घडवला. त्यांच्या मते भविष्याची कल्पना आफ्रिकेच्या भूमीवरून आणि तिच्याच श्रद्धांमधून निघावी. त्यांच्या एका कादंबरीत परग्रहवासी येतात ते लागोसच्या समुद्रकिनाऱ्यावर. झांबियाच्या नमवाली सर्पेल यांनी ‘द ओल्ड ड्रिफ्ट’ या 2019 सालच्या कादंबरीत व्हिक्टोरिया धबधब्याजवळच्या वसाहतीपासून नजीकच्या भविष्यकाळापर्यंत तीन कुटुंबांची कथा सांगितली. तिला 2020 साली विज्ञानकथेचा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला. पूर्वजांचे आत्मे आणि यंत्रमानव एकाच पानावर आले, तर त्यात विसंगती मानण्याचे कारण नाही, एवढे या लेखकांना गृहीत धरायला हवे आहे.

2021 साली एवढे पुरस्कार एकदम कसे मिळाले?

गुर्ना यांना नोबेल, दक्षिण आफ्रिकेच्या डेमन गालगुट यांना बुकर, सेनेगलमध्ये वाढलेल्या डेव्हिड दिओप यांना आंतरराष्ट्रीय बुकर, सेनेगलच्या मोहमद म्बुगार सार यांना फ्रान्सचा गोंकूर, शिझिआन यांना पोर्तुगीज भाषेचा कामोइश आणि डांगारेम्ब्गा यांना जर्मन ग्रंथव्यवसायाचा शांतता पुरस्कार, अशी ती यादी आहे. योगायोगाचा भाग त्यात बराच असावा. यादी पुन्हा एकदा वाचली तर दिसेल, की यांतले जवळपास सर्व सन्मान युरोपातून आले आहेत.

म्हणूनच लेखकांच्या चर्चेत पुरस्कारांइतकेच महत्त्व संस्थांना दिले जाते. वाइनाइनांना 2002 साली केन पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी त्यांनी मित्रांसह ‘क्वानी?’ सुरू केले. या शब्दाचा अर्थ साधारणपणे ‘मग काय?’ असा. 2006 साली नायजेरियाची राजधानी अबुजा येथे ‘कसावा रिपब्लिक’ ही प्रकाशनसंस्था उभी राहिली आणि दहा वर्षांनी तिने लंडनमध्ये कचेरी उघडली. नेहमीची वाट उलटी चालून दाखवण्याचा हा प्रकार होता. 2013 पासून लोला शोनेयिन यांनी सुरू केलेला आके महोत्सव नायजेरियात भरतो. दक्षिण आफ्रिकेचे थांडो म्गकोलोझाना यांनी 2015 साली, गोऱ्या श्रोत्यांसमोर प्रदर्शनीय वस्तू म्हणून बसायला आपण यापुढे जाणार नाही, असे जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी सोवेटोत ‘अबांटू’ हा ग्रंथमहोत्सव भरवला.

या साहित्यात भारतीय माणूस कोठे दिसतो का?

ठिकठिकाणी, आणि नेहमीच चांगल्या प्रकाशात नाही. मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या गलबतांनी भारताचा पश्चिम किनारा आणि झांझिबार शतकानुशतके जोडलेले होते. गुर्नांच्या पात्रांमध्ये भारतीय सावकार आणि दुकानदार सहज वावरतात. ‘पॅरडाइज’मधील कलासिंगा हा शीख मेकॅनिक कुराणाचे स्वाहिलीत भाषांतर करण्याची घोषणा करतो, त्याला अरबी येत नाही, स्वाहिलीही यथातथाच, पण इंग्रजीवरून करीन म्हणतो.

गोव्याचा धागा अधिक थेट आहे. कंपालात जन्मलेले गोमंतकीय लेखक पीटर नाझरेथ यांची ‘इन अ ब्राउन मँटल’ ही कादंबरी 1972 साली आली. डामिबिया या काल्पनिक देशातील डिसोझा या गोमंतकीयाची ती कहाणी आहे, आणि इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना हाकलले तेही त्याच वर्षी. वर उल्लेख आलेले ‘ट्रान्झिशन’ सुरू करणारे रजत नियोगीही कंपालातील भारतीय वंशाचेच होते. आणि 2012 चा केन पुरस्कार मिळवणाऱ्या रोटिमी बाबाटुंडे यांच्या कथेतील नायजेरियन सैनिकाचे नावच ‘बॉम्बे’ आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढून परतलेला हा गडी गावाच्या टेकडीवरील ओसाड तुरुंगात राहायला जातो आणि त्याला स्वतंत्र प्रजासत्ताक घोषित करतो.

सुरुवात कोठून करावी?

आधी बाबाटुंडे आणि बुलावायो यांच्या कथा वाचाव्यात. दोन्ही एका बैठकीत होतात. नंतर गुर्नांची ‘पॅरडाइज’ आणि मग सवड काढून ‘किंटू’. कादंबऱ्यांतील नावांचा पहिल्या पन्नास पानांत गोंधळ होतो. वंशवेल कागदावर काढून पुस्तकात ठेवावी. आम्ही ती तीन वेळा खोडून काढली होती.

या लेखकांची नावे कशी उच्चारावीत?

शक्य तेथे त्यांच्या मुलाखती ऐकून. या पानावर आम्हीही रूढी म्हणून ‘न्गूगी’ असे लिहिले आहे, पण ते रोमन अक्षरांवरून केलेले लिप्यंतर आहे. गिकुयूत त्या नावातील दोन्ही स्वरांवर खुणा असतात. त्यांतला पहिला आपल्या ‘ओ’च्या आणि दुसरा ‘ए’च्या जवळचा आहे, म्हणजे मूळ उच्चार ‘न्गोगे’च्या जवळ जातो. देवनागरीत तो विनासायास लिहिता येतो.